सावलीवर पटाशी

माणूस जातो, पण त्याच्या हातून घडलेली वस्तू त्याला पुरतं जाऊ देत नाही. हे वाक्य मी तुझ्या शोकसभेत म्हणालो, शेषराव, आणि सभा हळहळली. मागच्या फ्लेक्सवर तुझा फोटो कोपऱ्यात होता आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते. त्यामुळे एका उशिरा आलेल्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "यातले गेले ते कोणते?" घरी येऊन मी तू करून दिलेला लाकडी डबा हातात घेतला. झाकण बसलं नाही. ते कधीच बसत नव्हतं. उन्हाळ्यात तू म्हणायचास, "पावसाळ्यात बसंल." पावसाळ्यात म्हणायचास, "आता लाकूड फुगलं, उन्हाळ्यात बघ."

तेव्हा वस्तूंबद्दलचं ते वाक्य मी मागे घेतो. फक्त त्या लेथपुरतं मागे घेता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तुला लेथ कशाला हवा होता, हे मला नीट कधी कळलं नाही. वायरमन म्हणून अख्खा तालुका पायाखाली घातलास, खांबांवर चढून गुडघे घालवलेस, आणि निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात तसा तू लाकडाकडे निघालास. मी विचारलं तर म्हणालास, "जलमभर तारा सरळ वढल्या बे, पुस्तक्या. आता कायतरी गोल करू दे." मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, एवढ्यावरून तू मला पुस्तक्या केलंस, आणि शिरूर कासारात ते नाव माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त चाललं.

उमापूरला एक सुतार वारला आणि त्याचा लहानसा खराद, म्हणजे लाकूड फिरवून तासायचा लेथ, भंगाराच्या भावात निघालाय, ही बातमी तूच आणलीस. स्वस्त वस्तूचा मला संशय येतो, असं मी म्हणालो. तू म्हणालास, "तुला महागाचा बी येतोच की." मग आपण टेम्पो घेऊन गेलो. टळटळीत दुपार होती. सुताराची बायको, मुक्ताबाई, पडवीत कापसाच्या गाठोड्याला टेकून बसली होती. मशीन आतल्या खोलीत होतं. ओटीवर मावेल एवढं, काळं, तेलकट आणि आपल्या दोघांपेक्षा नीट उभं राहिलेलं.

"चालू हाय का?" तू विचारलंस.

"हाय की. कवा कवा न सांगता बी चालू हुतंय."

"म्हंजी?"

"म्हंजी दुपारचं. आत कुणी नसताना. आदी सांगितलेलं बरं, मागून बोंब नको. दोघं-तिघं बघून गेले, पुन्हा आले न्हाईत."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू भिंतीवरच्या तारांकडे पाहत होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर तो आनंद होता जो मला फक्त चुकीची वायरिंग बघितल्यावर दिसायचा. सुतारानं विहिरीच्या मोटारीच्या 'ऑटो'वरून लेथला जोड दिली होती. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारं ते खोकं आपल्याकडे विहिरीविहिरीवर असतं. शेतीची लाइन दुपारी आली की विहिरीत मोटार सुरू व्हायची आणि घरात लेथ. तू स्क्रू-ड्रायव्हर काढून जोड तोडलीस आणि टोकं मुक्ताबाईंच्या समोर धरलीस.

"हे बघा तुमचं भूत."

मुक्ताबाईंनी तारांकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "मग आता भाव वाढवू का?"

तू खूप हसलास. पण भाव ठरून गेला होता. उचलायच्या वेळी मला दिसलं की मशीनवर एक लाकूड तसंच धरलेलं आहे. एका टोकाकडून गोल, दुसऱ्या टोकाकडून चौकोनी. मधोमध कुणीतरी काम सोडून उठलं होतं. मी ते सोडवायला हात घातला, तर मुक्ताबाई एकदम म्हणाल्या, "त्ये काढू नका. हाय तसं न्या."

"कावून?" तू विचारलंस.

"काढू नका म्हणलं ना." आणि पदर ओढून त्या आत निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर गेवराई मागे पडल्यावर तू म्हणालास, "सुताराचं शेवटचं काम हाय त्ये. पुरं झाल्याशिवाय सुटायचा न्हाई."

"कोण सुटायचा नाही?"

"त्यो."

भूत तारांच्या टोकांवर धरून दाखवणारा माणूस तासाभरात भुताच्या बाजूनं बोलायला लागला, याची मी भरपूर थट्टा केली. तू ती ऐकून घेतलीस. नंतर घरी लेथ बसवलास, त्याला स्वतःची सरळ लाइन दिलीस, बटण दिलंस. ते अर्धं लाकूड काढून धुतलेल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलंस. मग भोवरे केलेस, पाटाचे पाय केलेस, माझा डबा केलास. मी आलो की मात्र मुद्दाम ते लाकूड मशीनवर चढवायचास.

"घे पटाशी. तू पुरं कर. तू कुठं भूत मानतोस?"

"मला लाकूडकाम येत नाही."

"भीती वाटती म्हण."

"तुला वाटते, म्हणून तू करत नाहीस."

"मला वाटतीच. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

हा वाद आपण कधी संपवला नाही. मला वाटायचं संपवायला वेळ आहे. तुला काय वाटायचं, ते मला विचारायला हवं होतं.

मी पटाशी धरली नाही, पण बघितलं पुष्कळ. ओबडधोबड लाकूड जोरात फिरायला लागलं की त्याचे दोन भाग दिसतात. आत घट्ट, खरं लाकूड. आणि त्याच्याभोवती पातळ, थरथरती, आरपार दिसणारी एक कडा. ज्या कोपऱ्यांना अजून गोल व्हायचंय, त्यांची ती सावली. असतेही आणि नसतेही. तू म्हणायचास, "लाकडावर धरू नको. सावलीवर धर. सावली सपली की लाकूड आपसूक गोल हुतंय." इतकं नेमकं वाक्य माझ्या ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू ते गावभर सांगितलं असतंस.

आणि दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. ट्यूबच्या उजेडात कधी कधी फिरतं लाकूड साफ थांबल्यासारखं दिसतं. मी एकदा बोट पुढे केलं, तर तू माझं मनगट इतक्या जोरानं ओढलंस की चष्मा पडला. "थांबलंय वाटलं की हात मागं घ्यायचा, कळलं का बे? थांबलेलं दिसतंय तवाच बोट जातंय."

वहिनींचा फोन आला तेव्हा दुपार कलत होती. मी आलो. तू ओसरीवर खुर्चीत होतास, चहाचा कप खाली नीट ठेवलेला, हनुवटी छातीवर. डॉक्टर येऊन गेले होते. लोक मला म्हणाले, शेवटचा हात लावून घ्या. तू अगदी थांबल्यासारखा दिसत होतास, शेषराव. सवयीनं मी हात मागे घेतला.

त्या दिवशी गर्दीत कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून लेथच्या खोलीची कडी मीच बाहेरून लावली. लावताना आत पाहिलं. ते लाकूड मशीनवर होतं आणि पहिल्यापेक्षा पुढे गेलं होतं. चौकोनी भाग ओंजळीएवढा उरला होता. म्हणजे माझ्यामागे तू ते करत होतास.

पुढचं नीट क्रमानं सांगतो. तू असतास तर तूही तसंच विचारलं असतंस.

तिसऱ्या दिवशी, ज्या जागी तुला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून त्यात दिवा ठेवला होता आणि वर दुरडी झाकली होती. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला त्याचा माग पिठात उमटतो, ही आपल्याकडची समजूत. माझं तिच्याबद्दलचं मत तुला माहीत आहे. तुझंही तेच होतं, फक्त तू ते बायकांसमोर बोलत नव्हतास. सकाळपासून वीज नव्हती. तुमची वस्ती रिकामी होती. दिवाळीनंतर बहुतेक घरं ऊसतोडीला गेलेली, दारोदार कुलपं, त्यामुळे लांबच्या एखाद्या शेळीचं ओरडणंसुद्धा शेजारून यावं तसं यायचं. तुझी थोरली बहीण सरूआक्का पुढे झाली आणि तिनं दुरडी उचलली.

पिठात एक वळी उमटली होती. बोटभर लांब, आत आत वळत गेलेली.

"नाग हाय," सरूआक्का म्हणाली.

"एवढा बारका?" कुणीतरी मागून म्हणालं.

"पिल्लू असंल."

"म्हणजे दादा नागाचं पिल्लू झाले?" तुझा दिगंबर म्हणाला. पुण्यात राहून त्याला नको तिथे स्पष्टीकरण मागायची सवय लागली आहे.

"गप. बाप हाय तुझा."

मला ती वळी ओळखू आली. लेथवरून निघणाऱ्या लाकडाच्या किसाची वळी. तुझ्याकडे असा कीस पोत्यांनी होता, आणि ती दुरडी तू कीस भरायलाच वापरायचास. दुरडीच्या विणीत अडकलेली एक वळी खाली पडली, पिठात ठसा उठला. इतकं सोपं. मी पिठात ती वळी शोधली. ठसा होता, वळी नव्हती. दुरडी उलटी करून झटकली, तरी नव्हती. वाऱ्यानं गेली असेल. दुरडीखालच्या वाऱ्यानं.

त्याच वेळी वीज आली. पंखा फिरला, शेजारच्या रिकाम्या घरात कुणीतरी चालू सोडलेला रेडिओ बोलायला लागला, आणि तुझ्या खोलीतून लेथचा आवाज आला. घुर्र सुरू होऊन चढत जाणारा, मग एका सुरात स्थिरावणारा.

कुणी हललं नाही. सरूआक्काच्या हातात दुरडी तशीच राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण भूत न मानणारा तिथं मी एकटाच होतो आणि अशा वेळी आत जायचं काम त्याच्याकडे येतं.

कडी जशी लावली होती तशी होती. आत ट्यूब लागलेली. नुकत्याच कापलेल्या लाकडाचा वास होता. बंद खोलीत वास टिकतो, हे मला माहीत आहे. लाकूड फिरत होतं, आणि ट्यूबच्या उजेडात ते थांबलेलं दिसत होतं. आवाज चालू आणि लाकूड स्थिर. त्याच्याभोवती ती पातळ सावली. खरंच थांबलंय का हे बघायला माझं बोट पुढे गेलं. मग मनगटाला ओढ आठवली आणि मी हात मागे घेतला.

बटण चालू होतं. तू म्हणशील, मग झालं की. झालं नाही. तू बाहेर पडताना घरातलं प्रत्येक बटण दाबून खात्री करणारा माणूस. देवघरातला झिरोचा बल्ब बंद केलास म्हणून वहिनी तुझ्याशी भांडलेल्या मी ऐकल्यात. शिवाय तू गेल्यापासून वीज कितीदा आली आणि गेली. मशीन तेव्हा सुरू झालं नाही. मी सगळ्यांना विचारलं, आत कोण गेलं होतं. कुणीच नाही. मी बटण बंद केलं. लाकूड सावकाश थांबलं. थांबण्याआधी ते क्षणभर उलटं फिरल्यासारखं वाटलं. तेही ट्यूबमुळेच होतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

दिगंबरनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या: मशीन भंगारात, आई पुण्यात. वहिनींनी दोन्हींना नाही म्हटलं. "त्यांचं काम अर्धं हाय. ते मशीनपाशीच हायत. त्यांना तसंच ठेवून मी कुठं जात न्हाई."

"आई, इथं वस्तीत चिटपाखरू नाही. तू एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठं हाय? आताच ऐकलं न्हाईस का?"

लाकूड पुरं करायला गावातला सुतार बोलावू, असं मी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "परका हात नको. भावजी, तुमी पुरं करा. तुमी शिकलाय त्यांच्याकडं."

मी शिकलो नव्हतो. मी शेजारी उभा राहून टीका करत होतो. पण स्वयंपाकघरातून ते शिकल्यासारखं दिसत असावं. आणि वहिनी त्या खोलीसमोर ज्या तऱ्हेनं बसल्या होत्या, दाराकडे कान लावून, ते मला बघवत नव्हतं. मी मशीन घरी नेतो म्हणालो. फुकट द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. लोखंड फुकट नेलं की वैर येतं म्हणे. मग तू ज्या भावात घेतलं होतंस त्याच भावात मी घेतलं. आजवरची माझी ही सगळ्यांत स्वस्त खरेदी, आणि पैसे मी दोनदा मोजून दिले.

टेम्पो दारात थांबल्यावर आमच्या हिनं मशीन बघितलं, त्यावरचं लाकूड बघितलं आणि विचारलं, "सुतार झाले, शेषरावभाऊजी झाले. आता तिसरा नंबर तुमचा का?"

दोन माणसांवरून नियम बनत नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मग तिसऱ्याला बनंल."

मी काम भर दुपारी केलं, खिडक्या उघड्या टाकून, ट्यूब न लावता. बटण दाबलं. सावली उभी राहिली. लाकडावर नाही, सावलीवर, असं म्हणत पटाशी टेकवली आणि पहिला धक्का थेट खांद्यात बसला. हळूहळू कीस निघायला लागला. सावली बारीक होत गेली, आणि शेवटी एका जागी राहिली ती जाईना. मशीन थांबवून बोट फिरवलं तर लाकूड गुळगुळीत, गोल. पुन्हा सुरू केलं की सावली हजर. मागचा टेकू हलला असेल, लाकूड जरा तिरकं बसलं असेल. मी स्वतःला हे सगळं सांगितलं. मग माझं डावं कोपर आपोआप खाली गेलं. "कोपर खाली, तू काय ध्वजवंदन करतोस का?" हे तू नेहमी स्वतःशीच म्हणायचास, मला कधी म्हणाला नव्हतास, कारण मी कधी पटाशी धरलीच नव्हती. कोपर खाली गेलं आणि कीस एका लांब वळीत निघाला. सावली गेली. तेवढ्यात वीजही गेली. लाकूड अंधाऱ्या विहिरीत उतरावं तसं सावकाश, बिनआवाज फिरत राहिलं, आणि थांबलं. या वेळी मी हात लावला. लाकूड गरम लागलं.

लाटणं झालं होतं. नवशिक्याच्या हातून दुसरं काय होणार.

वहिनींना फोन केला, दिगंबर आला, त्या पुण्याला गेल्या. जाताना तुझ्या बंद खोलीकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, झालं. उरला तो सुतार. मी लाटणं स्वच्छ फडक्यात गुंडाळून उमापूरला गेलो. वाटेत दोन-तीन गंभीर वाक्यंही जुळवली. मुक्ताबाईंनी लाटणं हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे काय?"

"तुमच्या मालकांचं शेवटचं काम. अर्धं राहिलं होतं. पुरं केलंय."

"त्येंचं न्हाई हे. त्येंनी लावलेलं म्या तवाच चुलीत घातलं. हे माझ्या भावानं बसवलं हुतं, गिऱ्हाइकाला फिरवून दाखवाया."

"मग काढू नका असं का म्हणालात?"

"काढलं की मागचा टेकू खाली पडायचा. तुमी भाव पाडला असता." लाटणं त्यांनी परत दिलं. मी उठताना त्यांनी विचारलं, "दुपारचं फिरतंय का आजून?"

"एकदा फिरलं."

"फिरू द्या," त्या म्हणाल्या, आणि कापसाकडे वळल्या.

घरी येऊन मी वहिनींना पुण्याला फोन लावला. सांगावं की नाही याचा विचार गेवराईपासून करत होतो. सांगितलं. पलीकडे त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

"मला ठाऊक हाय, भावजी. यांनी टेकू पडतोय म्हणून उमापूरला फोन केलता, तवाच त्या बाईनं सांगितलतं. लई हसले. म्हणले, पुस्तक्याला सांगू नको. त्याला भूत मानता बी येईना आन् न मानता बी येईना, लई मजा येती."

म्हणजे इतके दिवस तू मला त्या लाकडाभोवती फिरवत होतास. शेषराव, हा वाद तू जिंकलास, आणि जिंकून निघून गेलास. हे शोभत नाही.

"मग वहिनी, ते मशीनपाशी आहेत असं का म्हणालात?"

"सुताराचं नव्हतं ते. पण यांचं तर व्हतं. शेवटी शेवटी तेच घेऊन बसायचे. लाटणंच करायचं व्हतं त्यांना. तुमाला द्यायला."

मग मी विचारलं, "आणि बटण? ते तुम्ही चालू केलं होतं का?"

"कंचं बटण?" वहिनी म्हणाल्या.

लाटणं आता आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरी असते. ती हातानं थापतात.